डोळे ठणठणीत आहेत

१८ जून, मंगळवार

बटण पुन्हा पडली! शाळेच्या पायऱ्या. शेवटच्या दोन. पुढचा दात अर्धा गेला, आणि तोही पक्का. दुधाचा असता तर हसून सोडलं असतं.

मी लाँड्रीत, हात कोपरापर्यंत ओले. मालकिणीच्या फोनवर शाळेचा निरोप आला. तशीच धावत गेले. ऑफिसातल्या बाकावर बसलेली, तोंडाला रुमाल, पाय लोंबकळत. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "आई, मी रडले नाही हं."

वर्गबाई म्हणाल्या, "खाली बघून चालतच नाही हो ही. लक्ष कुठे असतं कोण जाणे!"

जानेवारीपासून ही चौथी वेळ. कपाळ, कोपर, गुडघा, आता दात. आठ वर्षांची मुलगी सपाट जमिनीवर धडाधड पळते आणि पायरी आली की कोलमडते. हे नुसतं लक्ष नसणं नाही. काहीतरी आहे. आजपासून लिहून ठेवणार, नाहीतर कुणी विचारलं की माझं मलाच आठवत नाही.


२१ जून, शुक्रवार

वर्गबाईंनी बोलावून घेतलं. गंमत ऐका — फळ्यावर मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला तर शेवटच्या बाकावरून वाचते. पुस्तक हातात दिलं की गप्प. एक ओळ वाचते, दुसरी सापडत नाही, मग तिसऱ्याच ओळीवर उडी.

"म्हणजे दिसतं तर सगळं," बाई म्हणाल्या. "वाचायचा कंटाळा आहे. घरी जरा बसवा."

घरी बसवते हो! रोज बसवते. दोघीही रडून उठतो.


२९ जून, शनिवार

चष्मेवाल्याकडे. ताई पण आली. माझी मोठी बहीण म्हणजे तिला घरी ठेवून कुठे जाणं शक्यच नाही. चष्मेवाल्यानं तक्ता लावला, एकेक अक्षर दाखवलं. बटणनं सगळी वाचली, अगदी खालची मुंगीएवढी सुद्धा. मीसुद्धा ती ओळ चाचपडत वाचली असती.

"नंबर नाही," तो म्हणाला. "हवा तर झीरो नंबरचा करून देतो. मुलांना आवडतो."

ताई म्हणाली, "मग दाताला पण एक झीरो नंबरचा लावा!"

हसलो खरं. बाहेर पडल्यावर दोघींचीही तोंडं उतरली.


८ जुलै, सोमवार

मोठ्या इस्पितळातले मोठे डॉक्टर. साडेतीन तास बाकावर. डोळ्यांत थेंब, पुन्हा थेंब. बटणची बाहुली एवढी मोठी झाली की डोळे काळेभोर, कुणा दुसऱ्याच मुलीचे वाटायला लागले. आत गेलो. आतला वेळ — पाच मिनिटंही नाही.

"डोळे ठणठणीत आहेत."

मी म्हटलं, वेळेआधी झालेली आहे. सातव्या महिन्यात. एवढीशी होती, म्हणून तर हिच्या बाबांनी नाव ठेवलं बटण. तेव्हा काचेच्या पेटीत होती महिनाभर, त्याचं काही…

"डोळ्यातला पडदा बघितला ना मी. उत्तम आहे. पेटीतल्या मुलांचा पडदाच बिघडतो. हिचा छान आहे."

"मग पडते का?"

"मुलं पडतात, बाई."

पुढचा नंबर पुकारला सुद्धा!


९ जुलै, मंगळवार

मुलं पडतात! मुलं पडतात! दिवसभर कानात तेच. हॉटेलच्या तीन चादरींवर इस्त्रीचा डाग पाडला. मालकिणीनं त्या स्वतःच उचलून पुन्हा भिजत टाकल्या. ते जास्त लागलं.


२५ जुलै, गुरुवार

माझा घसा बसलाय. आवाज म्हणून नाही. नुसती हवा.

शाळा सुटली तेव्हा नेहमीसारखी फाटकापाशी उभी राहिले. पोरांचा लोंढा. बटण आली, थांबली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं! सरळ माझ्याकडे. मी हात हलवला. ती पुढे निघून गेली. कोपऱ्यावरच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि रडायला लागली.

जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर दचकली. मग माझा पदर नाकाशी धरला. "आई, तू हाक का नाही मारलीस?"

"घसा बसलाय ना माझा," मी कुजबुजले. "पण मी समोर उभी होते, राणी."

"खूप जण समोर होते."

आता याला काय म्हणायचं? संध्याकाळी यांना सांगितलं. हे दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करतात, ग्रीसचे हात धूत होते. म्हणाले, "गर्दी होती. नसशील दिसली." आणि हात धुतच राहिले, धुतच राहिले.


१४ ऑगस्ट, बुधवार

दुसरे डॉक्टर. तरुण आहेत, बोलतात तरी बरे. त्यांचं म्हणणं, डोळ्यांचे स्नायू दमतात. पेन्सिल नाकाजवळ आणायची, लांब न्यायची, दिवसातून वीस वेळा. केलं. दोन आठवडे झाले करून. बटणला पेन्सिलीचं टोक छान दिसतं. दिसणारच! एकटी पेन्सिल तिला कायमच दिसते. हे डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "तीन महिने करा, मग बघू."

मग बघू. सगळे म्हणतात मग बघू. मुलगी सोडून बाकी सगळे नंतर बघणार आहेत!


२ सप्टेंबर, सोमवार

आज मी तिला मारलं.

खोडरबर हवा होता. म्हटलं, कपाटाचा वरचा खण उघड, समोरच आहे. गेली. खण उघडल्याचा आवाज आला. "नाहीये." म्हटलं, नीट बघ. "नाहीये गं." मी उठले. खणात दोरे, कात्री, बिलं, सेल, गोळ्यांची पाकिटं — आणि अगदी वर, निळा, तिच्या डोळ्यांसमोर खोडरबर.

"हा काय?"

कालही हेच झालं होतं. परवाही. बाईंची चिठ्ठी आली होती, पोरीला पहिलीत परत बसवावं लागेल म्हणून. सगळं एकदम डोक्यात गेलं. "खोटं बोलतेस! आळशी! बघायला नको तुला!" आणि हात उठला. गालावर.

ती रडली नाही. गालाला हात लावून म्हणाली, "खरंच नव्हता. तू हात लावलास तेव्हा आला."


३ सप्टेंबर, मंगळवार

चार बोटं. सकाळीसुद्धा दिसत होती. यांनीच आवरलं तिचं. तिची वेणी घातली, तिला शाळेत घेऊन गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मारायला नको होतं. लिहून काय उपयोग.


२० सप्टेंबर, शुक्रवार

शाळेनं मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. "भावनिक कारण असू शकतं." गेलो तिघंही. यांनी अर्धा दिवस सुट्टी टाकली.

खोली छान होती. निळ्या उशा, भिंतीवर वाघ, हत्ती, फुलपाखरं, खेळण्यांनी भरलेली टोपली. बाईंनी बटणला सांगितलं, टोपलीतली लाल गाडी आण. बटण टोपलीपाशी बसली, हात घालून एकेक खेळणं चाचपत राहिली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग आमच्याकडे वळल्या. घरात भांडणं होतात का? आई किती तास कामाला असते? मूल एकटं पडतं का?

"कधी कधी मुलं न दिसल्याचं दाखवतात," त्या म्हणाल्या. "लक्ष वेधून घ्यायला. जाणूनबुजून नाही, हं. पण आईनं थोडा जास्त वेळ दिला तर…"

आईनं! म्हणजे फिरून फिरून माझ्यावरच आलं. वेळ देते म्हणून तर इथे बसलेय ना बाई!

बसमध्ये हे म्हणाले, "पुरे कर आता."

"काय पुरे?"

"हे डॉक्टर-डॉक्टर. पोरगी हसतेय, खेळतेय, वाढतेय. सगळे सांगताहेत डोळे चांगले आहेत. तुला काय, रोग सापडायलाच हवाय?"

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. उत्तर ओठांवर आलं होतं. बटण मध्ये बसली होती म्हणून गिळलं.


५ ऑक्टोबर, शनिवार

हे नीट लिहायला हवं. सावकाश.

शाळेला सुट्टी, म्हणून बटणला लाँड्रीत घेऊन गेले. मालकीण चालवून घेते. मी मोठ्या टेबलावर हॉटेलची पांढरी चादर पसरली, इस्त्री फिरवायच्या आधी बघून घेतो तशी. माझ्या बाहीचं टाचणीएवढं काळं हुक तुटून कुठेतरी पडलं. मी शोधतेय, शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी शोधताहेत.

"ते काय," बटण म्हणाली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती! तिथून बोट दाखवलं. पलीकडच्या काठाला, शिवणीजवळ. आम्हा दोघींना वाकूनही दिसलं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "काय नजर आहे पोरीची! घारीची!"

घारीची नजर आणि समोरचा खोडरबर दिसत नाही?

मग डोक्यात काय आलं कोण जाणे. फुलाफुलांचा पडदा होता धुवायला आलेला, लाल-पिवळा, गिचमिड. तो पसरला. त्यावर माझी किल्ली ठेवली. हुकापेक्षा दहापट मोठी. "बटण, किल्ली शोध."

बघत राहिली. डोकं इकडे, तिकडे. नाही. किल्ली तिच्या पोटाजवळ होती. शेवटी तळहातानं पडदा पुसत पुसत गेली आणि हाताला लागली.

किल्ली पांढऱ्या चादरीवर. लगेच!

पुन्हा पडद्यावर. नाही.

मग चादरीवरच, पण किल्लीच्या भोवती बटणं, चिमटे, दोरे पसरून ठेवले. नाही! चिमटे एकेक काढत गेले. सात उरले, नाही. चार उरले, नाही. दोन — "ती बघ किल्ली!"

असं आम्ही तासभर केलं. मालकीणही येऊन उभी राहिली. कुणी काम सांगितलं नाही. बटणला वाटलं खेळ चाललाय, खूश होती.

पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला दिसतं — पण एकटं असलं तर. गर्दीत वस्तू विरघळून जाते. माणूससुद्धा. फाटकापाशी मी अशीच विरघळले होते.


११ ऑक्टोबर, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांकडे परत गेले. एकटीच. कागदावर सगळं लिहून नेलं होतं, किती चिमटे, किती अंतर.

"चादरीवरून निदान केलंत तुम्ही?" हसले. शेजारी चार शिकाऊ डॉक्टर उभे, तेही हसले. "अहो, सहा-सहा दृष्टी आहे मुलीची. याहून चांगली नसते. उगीच मुलीला आजारी पाडू नका."

बाहेर आले. पायऱ्यांवर बसले. मागून एक मुलगी धावत आली, त्या चौघांतलीच. ती एकटी हसली नव्हती, मला आता आठवतंय.

"काकू, तो कागद मला द्याल? मला वाचायचाय."

उभ्या उभ्या वाचला. मग पेनानं त्याच कागदाच्या मागे एक पत्ता लिहिला. "मी सांगितलं म्हणून सांगू नका. इथे एक बाई आहेत, त्या डॉक्टर नाहीत. पण मुलांना कसं दिसतं ते त्यांना कळतं."

पत्ता वाचला. अंध मुलांची शाळा.

घरी सांगितलं तर हे खुर्चीतून उठलेच. "आंधळ्यांच्या शाळेत? आपल्या बटणला? काही गरज नाही!" एवढा आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता.

जाणार. ताईला घेऊन जाणार.


२३ ऑक्टोबर, बुधवार

गेलो. बटण, ताई, मी.

लांबलचक व्हरांडा, भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधलेली. मुलं दोरीला हात लावून पळत होती. पळत! ताईनं पण दोरीला हात लावून बघितला.

बाई पन्नाशीच्या, जाड, गुडघे दुखणाऱ्या. खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या. यंत्र नाही, तक्ता नाही. मी फायली काढायला लागले. "त्या राहू द्या. जेवलात का?"

आम्ही डबा आणला होता. त्यांनी एक ताट आणलं, त्यात बटणचं जेवण वाढलं, आणि आमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसल्या. ताईनं मला कोपरखळी मारली: हे काय चाललंय?

बटण जेवली. नेहमीसारखी. पलीकडचं सगळं संपवलं, अंगाकडच्या बाजूचं तसंच. मी रोज ओरडते, अर्धं टाकतेस म्हणून! सवयीनं ओरडणारच होते.

"झालं तुझं?" बाईंनी विचारलं.

"झालं. सगळं संपवलं."

बाईंनी ताट अर्धं फिरवलं. अंगाकडचं पलीकडे गेलं. बटणचा चेहरा! "अय्या, अजून आहे!" आणि खायला लागली.

ताईनं तोंडावर हात दाबला. मी — मला काही दिसेनासंच झालं थोडा वेळ.

मग बाईंनी तिला चालवलं. जमिनीवर पांढरी पट्टी, मग एक बुटका स्टूल. स्टूलला धडकली. तोच स्टूल टेबलावर ठेवला, छातीच्या उंचीवर — लांबूनच वळसा घातला. मग चित्रांचं पान. मग तेच पान काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेलं, पुठ्ठ्याला एकाच ओळीएवढी खिडकी. बटणनं वाचलं. ओळ. पूर्ण. मग पुठ्ठा सरकवला, दुसरी ओळ. अडखळली नाही!

"डोळे चांगलेच आहेत हिचे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळ्यांनी खरंच सांगितलं. पण डोळे नुसते चित्र आत पाठवतात. ते लावून घेणं, निवडणं, हे पुढे डोक्यात होतं. हिचं तिथे अडतं. आणि खालचा भाग हिला दिसतच नाही. पायऱ्या, ताटाचा काठ, स्टूल. हिच्यासाठी ते नसतंच."

"मग ती आळशी नाही?" मीच विचारलं. असा प्रश्न!

"आळशी? अहो, ही दिवसभर जेवढी मेहनत करते ना, तेवढी तुम्ही-आम्ही केली तर दुपारीच झोपू."

त्यांनी मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. निघताना ताईनं त्यांचे हात धरले आणि सोडेनाच.

यांना सगळं सांगितलं. ताटाचंही. ऐकलं. "डोक्यात म्हणाल्या?" एवढंच विचारलं. मग दूध आणतो म्हणून गेले. दूध घरात होतं.


६ नोव्हेंबर, बुधवार

मेंदूचा फोटो काढला. बटणला त्या बोगद्यात एकटीला ठेवताना माझाच जीव जात होता. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आतमध्ये लाँड्रीसारखा आवाज होता."

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मधोमध दोन पोकळ्या, त्यांच्या मागच्या कडेला पांढरट डाग. जुने व्रण. "जन्माच्या वेळचे," त्या म्हणाल्या. "वेळेआधी झालेल्या मुलांत होतं. नजरेच्या वाटा इथूनच जातात." नावही सांगितलं: मेंदूमुळे आलेली दृष्टिबाधा. मी तीनदा म्हणवून घेतलं, वहीत लिहिलं. बरं होणार नाही. पण वाढणारही नाही. शिकता येतं, वाटा काढता येतात. मेंदू लहान असतो तोवर जितक्या लवकर सुरू करावं तितकं चांगलं. तीन-चार वर्षांची असताना आणली असती तर आणखी सोपं गेलं असतं.

"पण कुणी सांगितलंच नाही!" मी जवळजवळ ओरडले. "पाच महिने दार-दार फिरतेय, एकानंही डोक्याचं नाव काढलं नाही!"

"होतं असं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जन्माच्या वेळचे कागद आहेत का? डोक्याची सोनोग्राफी केली असेल तेव्हा. शाळेच्या सवलतीसाठी लागतील."


७ नोव्हेंबर, गुरुवार

तिची माफी मागितली. त्या थापडेची. तिला समोर बसवलं, म्हटलं, तू खरं बोलत होतीस आणि मी तुला मारलं.

विचार केला तिनं. "बाबांनी पण सांगितलं होतं तुला."

"काय?"

"की मी खोटं बोलत नाही. तुम्ही भांडत होता तेव्हा."

मला तसं काही आठवत नाही. पण बोललेही असतील. मी कुठे ऐकत होते तेव्हा.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा! मुख्याध्यापिकाबाईंनी रिपोर्ट उलटापालटा करून बघितला. "डोळ्यांचा रिपोर्ट नॉर्मल आणि दृष्टीची सवलत हवी — कसं शक्य आहे?" समजावलं. पुन्हा समजावलं. शेवटी म्हणाल्या, दाखला आणा, मग परीक्षेला मोठी अक्षरं आणि जास्त वेळ देऊ. नाहीतर पहिलीत.

दाखल्याच्या कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, जन्मतः आहे याचा पुरावा जोडा. जन्माच्या इस्पितळाचा कागद. मेंदूच्या फोटोवर तारीख यंदाची आहे, म्हणजे त्याला वाटतं मी पोरीला गेल्या आठवड्यात कुठेतरी आपटलं!

कागद घरात नाहीत. यांना विचारलं. "घर बदललं तेव्हा गेले कुठेतरी," म्हणाले. "मी शोधले होते मागे. सोड ना. जुनं कशाला उकरायचं? फोटोत दिसलं ना सगळं."

"दाखला कसा मिळणार?"

"बघू काहीतरी."

बघू! यांनीसुद्धा!


२ डिसेंबर, सोमवार

जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी चिकटवली, मालकिणीनं दिलेल्या टेपची. ताईनं तिच्या ड्रेसिंग टेबलावरचा पसारा आवरला, "बटण येते ना, तिला माझा कंगवा दिसायला हवा." तिच्या बाबांनी खिडकीचे पाच पुठ्ठे कापून दिले, कडा घासून गुळगुळीत केल्या, पोरीचा हात कापू नये म्हणून. पोरीनं आज सलग दोन पानं वाचली. दोन पानं! मी भांडी घासत ऐकत होते, नळ बंद करून.

कचेरीनं अर्ज तिसऱ्यांदा परत केला.

आता मीच जाते जन्माच्या इस्पितळात. गुरुवारी अर्धा दिवस घेईन. बटणला ताई आणेल शाळेतून. यांना सांगत नाही, पुन्हा तेच, "सोड ना" ऐकायला लागेल.


५ डिसेंबर, गुरुवार

कागद मिळाला. जन्माच्या इस्पितळाच्या तळघरात, तासाभरात. कारकुनानं फडक्यानं धूळ पुसून दिला.

"मेंदूच्या सोनोग्राफीत दोष. पुढे नजर व चाल यांवर परिणाम संभवतो. वर्षाच्या आत तपासणीस आणणे. पालकांस समजावून सांगितले."

त्या तारखेला मी वरच्या मजल्यावर तापात होते. शुद्ध नव्हती.

खाली सही. बटणच्या बाबांची.

घरी आले. ते बटणचं ताट फिरवून ठेवत होते. माझी पिशवी बंद, कागद आत. कुठे गेले होते ते ताईशिवाय कुणालाही माहीत नाही, आणि ताईनं शपथेवर सांगितलंय, ती बोलली नाही.

त्यांनी वर बघितलं.

म्हणाले, "मिळाला?"